टेबलावरचा कागद

लास वेगासच्या मँडले बे हॉटेलमधल्या ज्या खोलीतून 2017 मध्ये समोरच्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाला, तिचे फोटो घटनेनंतर दोनच दिवसांत बाहेर फुटले. जाजमावर रिकाम्या पुंगळ्यांचा सडा, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या बंदुका, आणि एका फोटोत एक छोटं टेबल. त्या टेबलावर एक कागद होता. सगळं जग त्या कागदाशी येऊन अडलं. साठ माणसं मारून स्वतःच्या तोंडात गोळी झाडणाऱ्या माणसाने काहीतरी लिहून ठेवलंय, असा त्याचा सरळ अर्थ लागत होता. चिठ्ठी असणार. कबुली असेल, शिव्याशाप असतील, निदान कोणाचं तरी नाव असेल. पोलीस म्हणत होते की आत्महत्येची चिठ्ठी सापडलेली नाही, आणि लोक फोटो मोठा करकरून त्या कागदावरच्या पुसट रेषा वाचायचा प्रयत्न करत होते. आठवड्याभरात खोलीत शिरलेल्या पोलिसांनीच सांगितलं, की कागदावर आकडे होते. खिडकीची उंची, समोरच्या मैदानापर्यंतचं अंतर, आणि तेवढ्या अंतरात गोळी किती खाली उतरेल याचा हिशेब.

तो कागद माझ्या डोक्यातून जात नाही. मरायला निघालेल्या माणसाने शेवटचं जे लिहिलं, त्यात एकही शब्द नव्हता.

1 ऑक्टोबर 2017 च्या त्या रविवारच्या रात्रीबद्दल आपल्याला जवळजवळ सगळं ठाऊक आहे, आणि हेच मला सर्वांत अवघड वाटतं. रूट 91 हार्वेस्ट या कंट्री संगीताच्या महोत्सवाची शेवटची रात्र. मैदानात 22 हजारांच्या आसपास माणसं. मंचावर जेसन अल्डीन गात होता. 10 वाजून 5 मिनिटांनी पहिल्या फैरी झडल्या आणि 10 वाजून 15 मिनिटांनी सगळं थांबलं. त्या दहा मिनिटांत हजारावर गोळ्या सुटल्या. 58 जण त्या हल्ल्यात गेले, पुढे 2019 आणि 2020 मध्ये दोघींनी जुन्या जखमांपायी प्राण सोडला आणि आकडा 60 झाला. गोळी लागून जखमी झालेले चारशेच्या वर, आणि चेंगराचेंगरीत, कुंपणांवरून उड्या मारताना, पत्र्यांवर कापून घेतलेले वेगळे. गोळीबार करणारा स्टीफन पॅडॉक 64 वर्षांचा, निवृत्त, पैसेवाला, नेवाडातल्याच मेस्किट गावचा. 25 सप्टेंबरला तो हॉटेलात उतरला होता. कधी कोणत्या लिफ्टने वर गेला, कोणत्या दिवशी किती बॅगा आणल्या, कुठे जेवला, कोणत्या यंत्रावर किती वेळ पोकर खेळला, हे कॅमेऱ्यांमुळे मिनिटामिनिटाला माहीत आहे. पोलिसांनी सुमारे 22 हजार तासांचं चित्रण पाहिलं, अडीच लाख छायाचित्रं तपासली, जवळजवळ दोन हजार धागे शेवटपर्यंत नेले. 3 ऑगस्ट 2018 ला 187 पानांचा अंतिम अहवाल आला. ‘कसं’ या प्रश्नाचं इतकं भरगच्च उत्तर क्वचितच कुठल्या गुन्ह्याला मिळालं असेल. ‘का’ या प्रश्नापाशी मात्र अहवाल थांबतो. हेतू निश्चित करता आला नाही, एवढंच त्यात आहे.

ही रिकामी जागा फार वेळ रिकामी राहिली नाही. खरं तर अहवालाची वाट कोणी पाहिलीच नव्हती. मृतदेह मैदानात असतानाच 4चॅन या निनावी गप्पांच्या संकेतस्थळावर एका भलत्याच माणसाचं नाव हल्लेखोर म्हणून फिरायला लागलं, त्याच्या फेसबुकवरच्या आवडीनिवडींवरून तो कोणत्या पक्षाचा हेही ठरवून झालं, आणि गूगलच्या ठळक बातम्यांच्या चौकटीत तो धागा काही काळ झळकला. सकाळ झाली तेव्हा इस्लामिक स्टेटच्या अमाक या प्रचारसंस्थेने पॅडॉक आपला सैनिक असल्याचं जाहीर केलं, त्याने काही महिन्यांपूर्वी धर्म बदलला होता म्हणून सांगितलं, त्याला एक अरबी नावही देऊन टाकलं. एफबीआयने त्याच दिवशी सांगितलं की कुठल्याही आंतरराष्ट्रीय दहशतवादी गटाशी संबंध दिसत नाही. पुढच्या दीड वर्षातही तो दिसला नाही. पण त्या पहिल्या बारा तासांत डाव्यांना उजवा हल्लेखोर मिळाला होता, उजव्यांना डावा, आणि ज्यांना जिहादी हवा होता त्यांना जिहादी. ज्याला जे हवं ते मिळायला एकच अट होती: त्या माणसाने स्वतः काहीही बोललेलं नसणं. ती अट पॅडॉकने पुरी केली होती. ना जाहीरनामा, ना व्हिडिओ, ना कुठल्या पक्षाचं वेड, ना कुठल्या देवाचं.

यातली प्रत्येक अफवा मूर्खपणातून आली असं मी म्हणणार नाही. काही तर थेट कानांनी ऐकलेल्या गोष्टींतून आल्या. मैदानातल्या शेकडो माणसांनी सांगितलं की गोळ्या दोन बाजूंनी येत होत्या, बंदुका एकाहून अधिक होत्या. ती माणसं खोटं बोलत नव्हती. आवाजाचं गणित मांडून पाहिलं की त्यांना काय ऐकू आलं असेल ते कळतं. खिडकी आणि मैदान यांत साधारण साडेचारशे मीटरचं अंतर. रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने निघते, म्हणजे ती माणसापर्यंत आधी पोचते आणि जवळून जाताना हवा फाडत चाबकासारखा ‘टाच्’ असा आवाज करते. बंदुकीच्या नळीतून निघालेला ‘धप्’ आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर या आपल्या संथ चालीने मागून येतो, त्याला सव्वा सेकंदाच्या वर लागतात. एकाच गोळीचे दोन आवाज, मध्ये अर्ध्यापाऊण सेकंदाची फट. त्यातला ‘टाच्’ माणसाच्या शेजारच्या हवेत जन्मतो, त्यामुळे तो हॉटेलच्या दिशेने आल्यासारखा वाटतच नाही, भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. वर हे दोन्ही आवाज आसपासच्या उंच, गुळगुळीत काचेच्या इमारतींवर आपटून परत येणार. आता अशा शेकडो गोळ्या एकीत एक मिसळून येताहेत, अंधार आहे, शेजारचा माणूस कोसळला आहे, आणि मंचावरचे भगभगीत दिवे मैदानावर वळलेले आहेत. अशा वेळी ‘दोन बाजूंनी’ हेच खरं वाटणार. नंतर कोणीतरी तेच ध्वनिमुद्रण घेऊन बसलं, दोन आवाजांच्या लहरी एकाखाली एक मांडल्या आणि म्हणालं, बघा, दुसरी बंदूक! मोजमाप बरोबर होतं. मधली फट ही अंतराची आहे, हे तेवढं लक्षात आलं नव्हतं.

फैरींच्या वेगाचंही असंच झालं. दहा सेकंदांत नव्वदच्या आसपास गोळ्या ऐकून अनेकांना खात्री पटली की ही लष्करी मशीनगन आहे, म्हणजे यामागे सरकार आहे, आणि मग गोळ्या हेलिकॉप्टरमधून झाडल्याची कथा आली. पण ध्वनिमुद्रण शांतपणे ऐकलं तर त्या फैरींची लय सारखी नाही. मध्येच दाटते, मध्येच विरते. मशीनगनचं यंत्र ठरलेल्या ठेक्यात चालतं. इथे बंपस्टॉक नावाची जोड होती, जी बंदुकीच्या धक्क्याचाच वापर करून नेम धरणाऱ्याच्या बोटावर घोडा पुन्हा पुन्हा आपटवते, आणि हात डगमगला की लयही डगमगते. ही जोड तेव्हा दुकानात कायदेशीर मिळत होती. 26 मार्च 2019 पासून तिच्यावर देशभर बंदी आली, आणि 14 जून 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी रद्द केली. ज्या गोष्टीबद्दल खरोखर रान उठवायला हवं होतं, ती उघड्यावर, निकालपत्रात लिहिलेली आहे. हेलिकॉप्टर शोधणाऱ्यांपैकी किती जण त्या निकालापर्यंत गेले असतील, हा विचार मला छळतो.

चौथ्या मजल्यावर लुकलुकणारा उजेड दिसला, त्याचंही असंच. टॅक्सीतून घेतलेल्या एका चित्रणात तो दिसतो, आणि लाखो लोकांनी तो नळीतून निघणारा जाळ म्हणून पाहिला. मँडले बेच्या खिडक्या उघडत नाहीत, त्या कायमच्या बंद काचा आहेत. गोळी बाहेर जायची तर काच फुटायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सोनेरी इमारतीवर काळी भोकं दोनच होती, दोन्ही पॅडॉकच्या 32व्या मजल्यावर. आणि त्या रात्री इतर हॉटेलांतून आलेले ‘इथेही गोळीबार चालू आहे’ असे फोन? रक्ताने माखलेली माणसं जीव घेऊन पळत सुटली होती. ती समोर दिसेल त्या हॉटेलात शिरली. तिथल्या दालनात बसलेल्याला अचानक एक जखमी माणूस ‘गोळ्या घालताहेत’ म्हणून ओरडत आत येताना दिसला. त्याने फोन उचलून काय सांगायचं होतं? त्याने बरोबरच सांगितलं. फोन घेणाऱ्याच्या नोंदीत मात्र एक नवा हल्ला उमटला, आणि पुढे त्या नोंदी वाचणाऱ्याला शहरभर पसरलेला कट दिसला.

महोत्सवात त्या रात्री एक बाई ‘तुम्ही सगळे मरणार आहात’ असं ओरडत होती, असं एका तरुणीने वाहिनीवर सांगितलं. गोळीबाराच्या पाऊण तास आधीची गोष्ट. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ म्हणतात. बावीस हजार माणसं, तीन दिवसांचं मद्य, धक्काबुक्की. अशा गर्दीत कोण कोणाला काय म्हणत नाही? एरवी ते वाक्य रात्रीच विसरलं गेलं असतं. पण फांदी तुटली, आणि कावळा सगळ्यांना आठवला.

सुतावरून स्वर्ग कसा गाठतात याचा याहून मोठा नमुना म्हणजे सौदी राजपुत्राची कथा. मँडले बेच्या वरच्या पाच मजल्यांवर, 35 ते 39, फोर सीझन्स हे वेगळं हॉटेल आहे. त्या कंपनीत सौदीच्या अलवलीद बिन तलालची भागीदारी. आणि वेगासच्या घटनेनंतर महिनाभराने, 4 नोव्हेंबर 2017 ला, रियाधमध्ये त्याला अटक झाली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये दोरा ओवला आणि तयार झाली एक हत्येची योजना, जिच्यात खालच्या मैदानातली साठ माणसं केवळ लक्ष विचलित करण्यासाठी मेली. अशा कथेची ताकद हीच, की तिचा एकेक मणी तपासला तर खरा निघतो. दोरा कोणी तपासत नाही.

पण मला पोलिसांना आणि हॉटेलला इतक्या सहज सोडायचं नाही. अफवेच्या चुलीत लाकडं त्यांनीही घातली. हॉटेलचा एक पहारेकरी 32व्या मजल्यावर दुसऱ्याच एका खोलीचं दार उघडं राहिल्याची सूचना आली म्हणून गेला होता. जिन्याचं दार आतून ठोकून बंद केलेलं पाहून तो वळसा घालून आला आणि दारातून झाडलेल्या गोळ्यांत त्याच्या पायाला लागलं. तो कधी जखमी झाला? आधी पोलिसांनी असं सांगितलं की त्याच्या येण्यामुळे गोळीबार थांबला. 9 ऑक्टोबरला शेरीफ जो लोम्बार्डो यांनी सांगितलं की त्याला 9 वाजून 59 मिनिटांनी, म्हणजे मैदानावरच्या गोळीबाराच्या सहा मिनिटं आधी, गोळी लागली. सहा मिनिटं! मग त्या सहा मिनिटांत कोणी काय केलं? हॉटेलच्या मालक कंपनीने तो वेळ नाकारला. 13 ऑक्टोबरला शेरीफांनी पुन्हा दुरुस्ती केली: 9:59 ही ते बंद दार सापडल्याची वेळ, गोळी लागली ती 10:05 च्या सुमारास. मधल्या काळात पहारेकऱ्याने ठरलेल्या मुलाखती ऐनवेळी रद्द केल्या, आणि तो नाहीसा झाला, नकली होता, अशा गोष्टी पसरल्या. हजारो साक्षी, डझनावारी घड्याळं, हाताने मागाहून भरलेल्या नोंदी, यांतून वेळ जुळवणं हे मुळातच चुकतमाकत होणारं काम. सुरुवातीला वेळा बदलतात. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते ठाऊक असतं. पण ते लोकांना आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक दुरुस्ती ही पकडली गेलेली लबाडी वाटावी, अशा आवेशात आधीची वेळ जाहीर झाली होती.

त्यातच पोलीस खोलीत शिरले ते 11 वाजून 20 मिनिटांनी. शेवटच्या गोळीनंतर पासष्ट मिनिटांनी. याचं कारण नीरस आहे. गोळीबार थांबल्यावर आत शिरण्याची घाई उरली नव्हती, दारापलीकडे काय सापळा असेल ते माहीत नव्हतं, आणि मजल्यावरचे बाकीचे पाहुणे आधी काढायचे होते. पण अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पोलिसांनी सात महिने दाबून धरलं. माध्यमं न्यायालयात गेली, नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे प्रकरण पोचलं, तेव्हा मे 2018 पासून ते हप्त्याहप्त्याने बाहेर आलं. आणि त्यात खरोखर एक भयंकर गोष्ट दिसली: वर गोळीबार चालू असताना 31व्या मजल्यावर एक अधिकारी कित्येक मिनिटं थिजून उभा होता. ही बातमी आली आणि गेली. तोवर ज्यांना संशय घ्यायचा होता त्यांचा संशय खर्च होऊन गेला होता. हॉटेलचंही तेच. जुलै 2018 मध्ये मालक कंपनीने जबाबदारी टाळण्यासाठी हजाराहून अधिक पीडितांवरच न्यायालयात दावे लावले, आणि पुढच्या वर्षी 80 कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीला आली. जखमी माणसावर हॉटेलने दावा लावला, हे वाचून आजही अंगाचा तिळपापड होतो. कटाच्या कुठल्याही कथेत मात्र हा प्रसंग आला नाही. त्यात गूढ काही नव्हतं ना.

मग हेतूच्या बाबतीत हाती काय उरतं? तुकडे उरतात. ऑक्टोबर 2016 पासून वर्षभरात त्याने 55 हून अधिक बंदुका घेतल्या, त्याआधीच्या साडेतीन दशकांत मिळून तीसच्या आत. त्याच्या बँकेतली शिल्लक दोन वर्षांत सुमारे 21 लाख डॉलरवरून 5 लाख 30 हजारांवर आली होती. ऐकायला मोठं वाटतं, पण तो कर्जबाजारी नव्हता. तब्येतीच्या तक्रारी होत्या, सतत थकवा, चिंतेवरच्या गोळ्या. डॉक्टरला तो विचित्र, भावनाशून्य वाटला होता. त्याचा मेंदू स्टॅनफर्डला पाठवला, तिथे या कृत्याचं स्पष्टीकरण देईल असं काही मिळालं नाही. बाप बँका लुटणारा. मुलगा सात वर्षांचा असताना त्याला अटक झाली, पुढे तो तुरुंगातून पळाला आणि 1969 ते 1977 एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेडच्या यादीत राहिला. 2023 मध्ये एफबीआयची कागदपत्रं बाहेर आली, त्यात एका जुगाऱ्याने सांगितलेलं होतं की कॅसिनो आता बड्या खेळाडूंना पूर्वीसारखं वागवत नाहीत म्हणून पॅडॉक चिडला होता. बातम्यांनी लगेच मथळा केला: अखेर हेतू सापडला. पोलिसांनी तो मानला नाही. जानेवारी 2019 मध्ये एफबीआयच्या वर्तनतज्ज्ञांनी आपला निष्कर्ष दिला, तो जेमतेम तीन पानांचा: एक असा कुठलाही स्पष्ट हेतू नव्हता. म्हातारपण, ढासळती प्रकृती, आपल्या अटींवर मरायची इच्छा, आणि मरताना बापासारखी कुप्रसिद्धी.

इतकंच?

ही तीन पानं वाचून होणारी निराशा मी समजू शकतो. खुनाच्या खटल्यात हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही. इरादा सिद्ध झाला की पुरतं, आणि इरादा तर इथे पुंगळ्यांच्या सड्यासारखा पसरलेला होता. पण ज्या आईची मुलगी नाचायला गेली आणि परत आली नाही, तिला इरादा पुरत नाही. तिच्या दुःखाच्या वजनाचं कारण तिला हवं असतं. एका कंटाळलेल्या, चिडखोर, श्रीमंत म्हाताऱ्याचं मरण हे त्या पारड्यात इतकं हलकं पडतं, की दुसऱ्या पारड्यात सरकारं, राजपुत्र, सैन्यं टाकावीशी वाटावीत. हे मला कळतं, आणि ते दुःखात बुडालेल्या माणसाने केलं तर मी त्याला काही म्हणणार नाही. पण तसं झालं नाही. पारड्यात वजन टाकणारे बहुतेक जण त्या मैदानात नव्हतेच. उलट जे होते, त्यांनाच त्यांनी लक्ष्य केलं. डोक्याला गोळी लागून वाचलेल्यांना संदेश जाऊ लागले की तू नट आहेस, किती पैसे मिळाले, जखम दाखव. इस्पितळातून घरी आलेल्या माणसांना आपली खाती बंद करावी लागली. हे नवीन नव्हतं. 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, तेव्हा कटाच्या कथा पसरवणाऱ्या अ‍ॅलेक्स जोन्स या अमेरिकी निवेदकाने वर्षानुवर्षं ती घटनाच बनावट असल्याचं सांगितलं, आणि त्याच्या श्रोत्यांनी मुलं गमावलेल्या आईबापांना धमक्या दिल्या. 2022 मध्ये कनेटिकटच्या न्यायालयाने त्याला सुमारे एक अब्ज 44 कोटी डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. दहा वर्षं लागली. मूल पुरल्यानंतरची दहा वर्षं, मूल होतं हे सिद्ध करण्यात गेलेली.

वेगासनंतर यूट्यूबवर त्या घटनेबद्दल काही शोधलं की वर कटाचे व्हिडिओ यायचे, इतके की कंपनीला काही दिवसांत शोधाची पद्धत बदलावी लागली. व्हिडिओ मागे सरकले, तरी त्यांनी दिलेली सवय राहिली. आता कुठेही गोळीबार झाला की प्रेतं मोजून होण्याआधी हेतू ठरतो.

त्या टेबलावरच्या कागदाकडे मी पुन्हा येतो. तो कोरा असता तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. कोऱ्या कागदावर कोणीही काहीही लिहू शकतं, तेवढं तरी प्रामाणिक झालं असतं. पण तो कोरा नाही. त्याच्यावर अंतर आहे आणि उंची आहे. त्या माणसाच्या मनात त्या रात्री जे होतं, ते कदाचित पूर्णपणे त्याच्यावर उतरलेलं आहे, आणि त्यापलीकडे वाचण्यासारखं काही नव्हतंच. ही शक्यता कुठल्याही कटापेक्षा मला जास्त भीतीदायक वाटते.

घटनेनंतर आठवड्याभरातच लास वेगासच्या लोकांनी चार्ल्स्टन बुलेव्हार्डवरच्या एका रिकाम्या जागेत झाडं लावली. गेलेल्या प्रत्येकासाठी एक. वाळवंटातली जागा, ऑक्टोबरचं ऊन, कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन आलेले अनोळखी लोक. दर वर्षी 1 ऑक्टोबरच्या रात्री तिथे माणसं जमतात, आणि 10 वाजून 5 मिनिटांनी नावं वाचायला सुरुवात होते. एकेक नाव, सावकाश. पूर्वी ती 58 होती. आता 60 वाचतात.